जोडणीचा संच घेताय? आधी आतली यंत्रणा बघा

खेळण्यांच्या दुकानात यांत्रिक जोडणीचा संच हातात घेतला की पहिला आकडा दिसतो तो पीसचा. खोक्यावर तो ठळक छापलेला असतो, दुकानदार तोच सांगतो आणि घरी आल्यावर शेजाऱ्यांनाही तोच ऐकवला जातो. माझं ठाम मत आहे की यांत्रिक संच पीसवर जोखू नये. आत काय फिरतं, कशामुळे फिरतं आणि फिरताना ते डोळ्यांना दिसतं का, एवढं बघावं. पहिल्यांदाच असा संच घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. कुणी मुलांसाठी घेत असेल, कुणी स्वतःसाठी. स्वतःसाठी घेणाऱ्यांनी लाजू नये, या छंदात मोठी माणसं पुष्कळ आहेत.

आपण सोलापूरचे, त्यामुळे आपल्याला एक सोय आहे. चालती यंत्रणा बघायला कुठं लांब जावं लागत नाही. पूर्व भागात साखर पेठ, अशोक चौक, कन्ना चौक या बाजूला फिरलात की एखाद्या कारखान्याच्या दारातून यंत्रमाग दिसतोच. क्रँक (गोल फेऱ्याची पुढे-मागे चाल करणारा वाकडा दांडा), कॅम (फिरताना दुसऱ्या भागाला ढकलणारं वाकड्या आकाराचं चाक), गिअर, रॅचेट सगळं उघड्यावर चालू असतं. संचातल्या प्लॅस्टिकच्या दात्याचाकाला समजून घ्यायला याहून चांगली शाळा नाही. लेखाच्या शेवटी त्याच मागाकडे वळायचं आहे.

पायरी पहिली: लोखंडी की प्लॅस्टिकचा, हे ठरवा

लोखंडी पट्ट्या आणि नटबोल्ट ही जुनी जात. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि पुढे तिला मेकॅनो हे नाव मिळालं. पट्टीवर दर अर्ध्या इंचाला एक भोक, हे तेव्हापासूनचं माप. आपल्याकडे याच धर्तीचा मेकॅनिक्स हा देशी संच घरोघरी माहीत आहे आणि खिशाला सर्वांत परवडणारा तोच.

दुसरी जात प्लॅस्टिकची. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने १९७७ मध्ये यांत्रिक संचांची वेगळी मालिका काढली, आज तिला टेक्निक म्हणतात. यात भोकांचे दांडे, पिना, अधिकच्या चिन्हासारख्या आकाराचे धुरे आणि दात्याचाकं असतात. दोन भोकांमधलं अंतर ८ मिलिमीटर. नटबोल्ट नाही, पान्हा नाही.

कुणाला काय? आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हाताने काम करायला आवडत असेल आणि बजेट हजाराच्या आसपास असेल, तर बिनधास्त लोखंडी संच घ्या. नट आवळणं, त्यावर दुसरा नट म्हणजे चेकनट लावणं, पट्टी वाकली तर सरळ करणं, ही कामं प्लॅस्टिकमध्ये शिकायला मिळत नाहीत. गिअर, डिफरन्शिअल, गिअरबॉक्स यांत उतरायचं असेल तर मात्र टेक्निकच्या जातीचा संच बरा. त्यातलं दात्याचाक धुऱ्यावर घसरत नाही, कारण धुरा गोल नसतो. लोखंडी संचात चाक गोल सळईवर ग्रब स्क्रूने, म्हणजे बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूने, आवळावं लागतं, आणि स्क्रू जरा ढिला राहिला की सळई फिरते, चाक जागेवरच. सवय झालेल्याला हे जमतं, नवखा मात्र कंटाळून संच माळ्यावर टाकतो.

पायरी दुसरी: खोक्यावरची कामं एकेक करून तपासा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. खोक्यावर स्टीअरिंग, डिफरन्शिअल, पिस्टन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन अशी यादी असते. नावं एका ओळीत छापलेली असली तरी त्यांची लायकी एकसारखी नसते.

स्टीअरिंग बघताना फिरवायची मूठ कुठे आहे ते बघा. बऱ्याच गाड्यांना छतावर किंवा मागे एक दात्याचाक दिलेलं असतं, ते फिरवलं की पुढची चाकं वळतात. खेळायला हे सोयीचं. आतलं छोटं स्टीअरिंगही त्याच्याबरोबर फिरत असेल तर सोन्याहून पिवळं. आत बहुतेक वेळा रॅक आणि पिनियन असते: छोटं दात्याचाक गोल फिरतं आणि दातेरी पट्टी डावी-उजवी सरकते. आठ दात्यांच्या टेक्निक चाकाने एक पूर्ण फेरा घेतला की पट्टी सुमारे २५ मिलिमीटर सरकते. मुलाला पट्टी घेऊन मोजायला लावा. गोल फेऱ्यातून सरळ चाल निघते, हे त्याला कुणी वेगळं सांगावं लागणार नाही.

डिफरन्शिअल ही माझी सर्वांत लाडकी यंत्रणा, आणि पैसे मोजावेत अशीही. सात रस्त्याला वळणारी रिक्षा बघा. वळताना तिचं बाहेरचं मागचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. दोन्ही चाकं एकाच अखंड धुऱ्याला जखडलेली असती तर एक चाक घासत गेलं असतं. डिफरन्शिअल दोघांना आपापल्या वेगाने फिरू देतं आणि तरी इंजिनाचा जोर दोघांना पोचवतं. तपासायची युक्ती सोपी आहे. डिफरन्शिअलची मधली पेटी बोटाने घट्ट धरा आणि मागचं एक चाक पुढे फिरवा, दुसरं चाक आपोआप मागे फिरेल. तसं झालं तर यंत्रणा खरी. लहान गाडीत डिफरन्शिअल नसेल तर नाराज होऊ नका, पण मोठ्या किमतीच्या गाडीत नसेल तर ती गाडी दुकानातच ठेवा.

पिस्टन हलणारं इंजिन दिसायला झकास. पण मोटर नसलेल्या गाडीत इंजिन चाकांना फिरवत नाही, चाकं इंजिनाला फिरवतात. तुम्ही गाडी ढकलता, चाकं फिरतात, धुऱ्यावरून गिअर फिरतात आणि पिस्टन वरखाली होतात. खऱ्या गाडीत जोर उलट्या दिशेने वाहतो. हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगून टाका, नाहीतर उलटं डोक्यात बसतं आणि पुढे निघता निघत नाही.

गिअरबॉक्सबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. जोडताना त्याच्याइतकी मजा कशातच नाही. दोन समांतर धुरे, एकावर मोकळी फिरणारी चाकं, मधे सरकणारी कडी. दांडी हलवली की कोणतं चाक धुऱ्याला धरणार ते बदलतं. पण गाडी पूर्ण झाली की तो पॅनलखाली, म्हणजे बाहेरच्या झाकणपट्ट्यांखाली, गडप होतो. मग गिअर बदलल्यावर फरक दिसतो तो फक्त पिस्टनच्या वेगात, आणि हाताने ढकलताना तोही नीट कळत नाही. म्हणून गिअरबॉक्ससाठी पैसे द्यायचे तर जोडणीच्या आनंदासाठी द्या. खेळात तो फारसा कामाला येईल ही आशा ठेवू नका.

सस्पेन्शनचं थोडक्यात: चाक दाबा, सोडा. ते मूळ जागी आलं पाहिजे आणि दाबलेल्या अवस्थेतही स्टीअरिंग चाललं पाहिजे. दोन्ही झालं तर ठीक.

आता वर्म. हे दिसायला स्क्रूच्या तुकड्यासारखं असतं आणि त्याला एकच दाता मानतात. २४ दात्यांच्या चाकाला ते लावलं की वर्मचे २४ फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा होतो. वेग पार कमी होतो, जोर तेवढाच वाढतो आणि महत्त्वाचं म्हणजे उलटा मार्ग बंद होतो. चाक कितीही ओढलं तरी वर्म फिरत नाही. म्हणून क्रेनच्या दोरीला वजन लटकवून मूठ सोडली तरी वजन खाली येत नाही. ज्या क्रेनमध्ये वर्म नाही तिथे रॅचेट असायला हवं, म्हणजे तिरपे दाते असलेलं चाक आणि त्यात अडकणारी खिट्टी. दोन्ही नसतील तर वजन धरून ठेवायचं काम मुलाच्या बोटांवर येतं.

हवेवर चालणारे सिलिंडर टेक्निकमध्ये १९८४ पासून आहेत. पंप दाबा, नळीतून हवा जाते, व्हॉल्व्ह फिरवला की दांडा बाहेर येतो. २००८ पासून त्यांच्या जोडीला लिनिअर अॅक्च्युएटर आला. यात आत स्क्रू असतो, मूठ फिरवली की दांडा हळूहळू लांब होतो आणि टोकाला पोचला की आतला क्लच कटकट आवाज करत सुटतो, त्यामुळे काही मोडत नाही. दोघांत चांगलं काय यावर हौशी मंडळी तावातावाने भांडतात. माझा कौल असा: नेमकेपणा हवा तर अॅक्च्युएटर, शिकायचं असेल तर हवा. हवा दाबली जाते, म्हणून दांडा किंचित उसळी मारतो. रस्त्यावरच्या खऱ्या जेसीबीत तेल असतं, ते हवेसारखं दाबलं जात नाही, म्हणून तिचा हात तसा उसळत नाही. हा फरक मुलाला हातात कळतो.

या सगळ्यावरून माझी पसंती सांगतो. सारख्याच किमतीची स्पोर्ट्स कार आणि क्रेन, फोर्कलिफ्ट किंवा जेसीबीसारखं यंत्र समोर असेल, तर यंत्र घ्या. गाडीची यंत्रणा झाकलेली असते, यंत्राची बाहेर असते. गाडी जोडून झाली की शोकेसमध्ये जाते, क्रेन महिनोन्‌महिने खुर्चीवरून पेन्सिली उचलत राहते.

पायरी तिसरी: विकत घेण्याआधी आतून बघून घ्या

लेगोच्या संचांच्या जोडणी-पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. खोक्यावरचा संच क्रमांक टाका, पुस्तिका उतरवून घ्या आणि मोबाईलवरच चाळा. पहिल्या एक-तृतीयांश पानांत गिअर, धुरे दिसले तर समजा संचात दम आहे. पानामागून पान नुसती पॅनलं आणि स्टिकर असतील तर ती शोभेची वस्तू. रिब्रिकेबलसारख्या संकेतस्थळावर कोणत्या संचात नेमके कोणते पीस किती, याची यादीही मिळते. तिथे पिना किती आहेत ते बघाच, पीसचा आकडा कशाने फुगतो ते लगेच कळेल.

पायरी चौथी: किमतीचा हिशेब

एका कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे हाताने चालवता येणारी कामं, उजवीकडे नुसती दिसणारी. समजा चार हजारांचा फोर्कलिफ्ट आहे: काटे वरखाली होतात, मास्ट म्हणजे काटे धरणारा उभा खांब पुढे-मागे झुकतो, मागची चाकं वळतात. तीन कामं डावीकडे. शेजारी बारा हजारांची गाडी आहे: स्टीअरिंग, सस्पेन्शन, दरवाजे डावीकडे, इंजिन, गिअरबॉक्स उजवीकडे. आता कोण महाग ते स्वतःच बघा. दरवाजा उघडणं हे काम मोजायचं की नाही यावर घरात वाद होईल. मी मोजत नाही.

पीस वाढले म्हणजे यंत्रणा वाढली असं होत नाही, याचं एक उदाहरण देतो. लेगोची १९९४ ची ८८८० क्रमांकाची सुपरकार साडेतेराशेच्या आत पीसची. तिच्यात चारही चाकांना ड्राइव्ह, चारही चाकांचं स्टीअरिंग, सस्पेन्शन आणि चार वेगांचा गिअरबॉक्स होता. २०१८ ची बुगाटी शिरॉन ३,५९९ पीसची. तिच्यात आठ वेगांचा गिअरबॉक्स आला, रूप देखणं झालं, पण पीस अडीचपटीहून वाढले म्हणून कामं अडीचपट झाली नाहीत. वाढलेले पीस बरेचसे अंग भरायला गेले. शिरॉन वाईट नाही, तिचा गिअरबॉक्स जोडणं हा सोहळाच आहे. फक्त ती पहिला संच म्हणून घेऊ नका.

बाहेरून येणारे संच आपल्याकडे महाग पडतात त्याला आयात शुल्क हे मोठं कारण. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यामुळे परदेशी माणसाने "हा संच पैसा वसूल आहे" म्हटलं तरी आपला हिशेब आपणच मांडायचा. तिथे स्वस्तात बसणारी गोष्ट इथे तशी बसेलच असं नाही.

मोटर आणि मोबाईल अॅपवर चालणारे संच पहिल्या फेरीत टाळा. मोटर बटण दाबल्यावर काम करते, मूठ फिरवताना हाताला जो जोर कळतो तो तिच्यात कळत नाही. शिवाय अॅपची मर्जी किती वर्षं राहील याचा भरवसा नाही, वर्म मात्र वीस वर्षांनीही वर्मच राहील. मागे ओढून सोडायच्या गाड्या पोरांना आवडतात, त्यात वाईट काही नाही, पण त्यांना यांत्रिक संच समजून घेऊ नका.

पायरी पाचवी: दुकानात, आणि गड्ड्यावर

नव्या पेठेत किंवा टिळक चौकाच्या बाजूला फिरताना संवाद साधारण असा होतो.

"काका, यात डिफरन्शिअल आहे का?"

"सातशे पीस हायत बघा की ओ. अजून काय पायजे?"

दुकानदाराचा दोष नाही, गिऱ्हाईक तेच विचारतं. मोबाईलवर पुस्तिका काढून तुम्हीच दाखवा. पुढच्या वेळी तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगेल.

खोक्यावर आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. चिन्हाखाली परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या सरकारी अॅपवर टाकून पडताळता येतो. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्याला, म्हणजे जत्रेच्या बाजारात, स्वस्त संचांचे ढीग लागतात. त्यातून घ्यायला माझी ना नाही, पण चिन्ह बघून, आणि विक्रेता तयार असेल तर एक जोडणी करून. पीन भोकात घाला. ती "टक्‌" करून बसली पाहिजे, ओढल्यावर थोडा जोर लावूनच निघाली पाहिजे. आपोआप गळत असेल किंवा दाताने काढावी लागत असेल तर संच सोडा. लोखंडी पट्टीच्या कडेवरून अंगठा हलकेच फिरवा, खरखर लागली तर लहान मुलाच्या हाती ती देऊ नका.

पायरी सहावी: जोडायला बसल्यावर

चादर अंथरा, सोलापुरीच, एकरंगी असेल तर उत्तम. नक्षीदार चादरीवर बारीक पीन हरवली की सापडत नाही.

पिनांचे रंग नीट ओळखा. टेक्निकमध्ये दोन भोकांची काळी पीन घट्ट बसते, करडी मोकळी फिरते. तीन भोकांची निळी घट्ट, फिकट पिवळसर मोकळी. जिथे सांधा फिरायला हवा तिथे घट्ट पीन लावली की सगळं जड चालतं, आणि जिथे सांगाडा कडक हवा तिथे मोकळी लावली की तो डुलतो. नवख्यांच्या जोडणीत जे अडतं त्याचं मूळ पुष्कळदा इथेच असतं. लोखंडी संचात हेच काम चेकनटने होतं: फिरत्या सांध्यावर पहिला नट किंचित ढिला ठेवायचा आणि दुसरा त्याच्यावर आवळायचा. दोन नट एकमेकांना धरतात, पट्टी मोकळी राहते.

धुरा बसवला की प्रत्येक वेळी दोन बोटांनी फिरवून बघा. पुस्तिका संपेपर्यंत थांबू नका. जड लागला तर बहुधा बुश (धुऱ्यावर चढवायची, त्याला जागेवर धरणारी छोटी कडी) दांड्याला दाबून बसलेला असतो, नखाएवढी फट ठेवा. धुऱ्याला दोन्ही बाजूंनी आधार आहे ना ते बघा, एका बाजूने लटकणारा धुरा जोर आला की वाकतो आणि गिअर दाते सोडतात. स्टीअरिंगमध्ये थोडा प्ले, म्हणजे सैलपणा, राहतोच, तो शून्य करायच्या नादात सगळं आवळू नका.

संच सुरू करण्याआधी एक छोटा खेळ करून बघा. सात, नऊ आणि अकरा भोकांचे तीन दांडे घ्या, टोकं टोकांना जोडा. काटकोन त्रिकोण तयार होईल, अगदी अचूक. कारण भोकं सात असली तरी पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत अंतरं सहाच होतात. सहा, आठ, दहा हे पायथागोरसचं त्रिकूट. भोकं आणि अंतरं यांतला हा एकाचा फरक एकदा बोटांत बसला की पुढची निम्मी गडबड टळते.

संच ठेवताना धुरे लांबीप्रमाणे आणि गिअर दात्यांप्रमाणे वेगळ्या डब्यांत. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत माळ्यावर ठेवू नका, रबराच्या नळ्या आणि टायर लवकर कडक होतात. घराशेजारी माग चालत असतील तर सुताचे तंतू धुऱ्यांवर गुंडाळले जातात, अधूनमधून चिमट्याने काढा.

पायरी सातवी: पुस्तिका मिटा आणि माग बांधा

संचाची खरी किंमत तो मोडल्यावर कळते. पुस्तिकेतलं एकच मॉडेल होत असेल तर तो एकदाच वाचायचा कागद. म्हणून पहिलं मॉडेल महिनाभर खेळून झालं की मोडा आणि आपल्या गावची यंत्रणा बांधा. अख्खा माग बांधायचा नाही, त्याचे दोन शाफ्ट, म्हणजे फिरते धुरे, पुरे.

साध्या विणीच्या मागात वरचा क्रँक शाफ्ट एक फेरा घेतो तेव्हा फणी एकदा पुढे येऊन धागा ठोकते. आडवा धागा नेणारा धोटा मात्र एकदा डावीकडून सुटतो, एकदा उजवीकडून. म्हणजे एका बाजूचा फटका दोन फेऱ्यांतून एकदाच हवा. ताण्याचे, म्हणजे उभे, निम्मे धागे एका फेऱ्याला वर, उरलेले निम्मे पुढच्या फेऱ्याला. ही दोन्ही कामं करणारे कॅम खालच्या शाफ्टवर असतात, म्हणून तो शाफ्ट वरच्याच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरतो. म्हणून वरच्या चाकाच्या दुप्पट दाते खालच्या चाकाला.

इथे टेक्निकवाल्याची गंमत होते. त्याच्याकडे ८ आणि १६ दात्यांची चाकं असतात, प्रमाण बरोबर निम्मं. पण ती दांड्यावर शेजारी बसतच नाहीत! हिशेब असा: दोन्ही चाकांचे दाते मिळवा, दोनने भागा, तेवढे मिलिमीटर अंतर लागतं. ८ आणि २४ चे बत्तीस, निम्मे १६ मिलिमीटर, म्हणजे दोन भोकांचं अंतर, बरोबर बसतं. ८ आणि ४० चे २४ मिलिमीटर, तीन भोकांचं, तेही बसतं. पण ८ आणि १६ चे बारा मिलिमीटर, दीड भोक. सरळ दांड्यावर दीड भोक कुठून आणणार? थोडक्यात, बेरीज सोळाने भागली गेली तरच जोडी सरळ बसते. मेकॅनोवाल्याला हा त्रास नाही, त्याच्या संचात २५ आणि ५० दात्यांची जोडी एका इंचावर, म्हणजे दोन भोकांच्या अंतरावर, निमूट बसते. जुन्या लोखंडी संचाला मी मान देतो तो अशा ठिकाणी.

टेक्निकमध्ये वाट काढायची तर साखळी. ८ दात्यांचं चाक वरच्या शाफ्टवर, १६ दात्यांचं खालच्या, मधे साखळी. साखळीला भोकांच्या अंतराचं बंधन नाही, एखादी कडी कमीजास्त केली की झालं. साखळी दोन्ही शाफ्ट एकाच दिशेने फिरवते आणि गिअर उलट्या दिशेने, पण आपल्या मॉडेलला त्याने बिघडत नाही.

वरच्या शाफ्टला मूठ लावा आणि क्रँकने एक उभा दांडा पुढे-मागे हलवा, ती फणी. खालच्या शाफ्टवर दोन कॅम एकमेकांच्या उलट दिशेला बसवा आणि त्यांच्यावर दोन आडवे दांडे टेकवा, ते ताण्याचे दोन भाग. दोन्ही शाफ्टना कागदी टेपचा तुकडा चिकटवा. मूठ दोनदा फिरवा, खालचा टेप एकदाच वर आला पाहिजे. आला? मग मुलाला घेऊन ओळखीच्या कारखान्यात जा आणि तिथल्या जॉबरना, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्यांना, विचारा, "मामा, धोटा कधी सुटतो?" ते माग हाताने हळू फिरवून दाखवतील: फणी मागे गेलेली असते आणि धाग्यांचं तोंड उघडलेलं असतं, तेव्हा धोटा पार होतो.

घरी येऊन आपलं मॉडेल त्याच्याशी ताडून बघा. फणी मागे असताना दोन आडवे दांडे एकमेकांपासून जास्तीत जास्त लांब हवेत, आणि फणी पुढे ठोकते तेव्हा जवळपास एका पातळीत. जुळत नसेल तर साखळी सोडा, खालचं चाक एक दाता पुढे सरकवा आणि साखळी पुन्हा चढवा. १६ दात्यांच्या चाकावर एक दाता म्हणजे साडेबावीस अंश. दोन-तीन वेळा सरकवलं की वेळ जुळते.